माहेरचा मुक्काम लांबला तेव्हा

भावाच्या लग्नासाठी मी लिस्बनहून उंद्रीला आले तेव्हा मला सहावा महिना लागला होता. नवऱ्याला रजा नव्हती, तो मागेच थांबला. आम्ही दोघंही घरी बसून लॅपटॉपवर काम करणारी. माझी कंपनी नेदरलँड्समधली, राहणं पोर्तुगालात आणि पासपोर्ट भारताचा. लग्नात एका काकांनी विचारलं, "मंग तुह्या पगारावर टॅक्स कोन घेते?" मांडवात हशा पिकला. मीही हसले. खरं तर उत्तर मलाही नीट माहीत नव्हतं.

लग्न आटोपून मी परत जाणार होते. पोर्तुगालातला राहण्याचा परवाना संपत आला होता. नूतनीकरणासाठी स्वतः हजर राहून बोटांचे ठसे द्यायचे होते आणि त्याची वेळ महत्प्रयासानं मिळाली होती. कंपनीनंही भारतातून काम करायला थोड्याच आठवड्यांची परवानगी दिली होती.

जाण्याआधी तपासून घ्यावं म्हणून आई मला खामगावला घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधून दोनदा रक्तदाब मोजला. दोन्ही वेळा तो जास्त भरला.

"विमानासाठी पत्र हवंय," मी म्हटलं.

"मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आता कुठंही जाऊ नका."

तिथूनच मी एका सीएकडे गेले. थांबायचं झालं तर काय होईल, हे मला जाणून घ्यायचं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "इथं बसून काम केलं, की तो पगार इथं कमावलेला. थोडे दिवस राहून गेलात तर दोन देशांच्या करारात सूट मिळू शकते. मुक्काम लांबला तर कायद्यानं तुम्ही इथल्या रहिवासी. मग तिकडची कमाईही इथं दाखवावी लागेल." मी म्हटलं, "मी मुद्दाम कुठं राहतेय?" ते म्हणाले, "ताई, काऊन राह्यल्या, हे कायदा सहसा विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी कंपनीशी व्हिडिओवर बोलले. पलीकडची बाई फार सौम्य होती. मुदत संपली की माझं लॉगिन बंद करावं लागेल, म्हणाली. मी इथून काम करत राहिले तर कंपनीवरही भारतात कर लागू शकत होता. तिनं तब्येतीला जपायला सांगितलं आणि पुढच्या मीटिंगला गेली.

नवरा घाबरला होता. "ती वेळ हुकली तर सगळं पहिल्यापासून," तो फोनवर म्हणाला. "मी इथं, तू तिथं, अन् बाळ कुठलं? दुसऱ्या डॉक्टरला दाखव ना."

मी दाखवलं. बाबा गाडी काढून मला बुलढाण्याला घेऊन गेले. त्या दिवशी रक्तदाब खरोखरच कमी भरला आणि त्या डॉक्टरांनी पत्र दिलं. येताना रस्त्यावरची नजर न काढता बाबांनी विचारलं, "तुले पटून राह्यलं का हे?"

"हाव, बाबा."

त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

जायच्या दिवशी मुंबईपर्यंत गाडी केली होती. बॅगा डिकीत गेल्या. सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. जागरणानं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मला वाकता येत नव्हतं, म्हणून आई बूट घालून द्यायला खाली बसली. पाऊल बुटात शिरेना. तिनं नाडी पूर्ण सैल केली, तरी शिरेना. मग तिनं माझ्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"डोकं दुखते का तुह्यं?"

"थोडं."

"अन् डोये?"

"चिलटं उडल्यासारखं दिसते मधातच."

आई उठली. "अहो, गाडी खामगावले घ्या."

"आई, विमान जाईल."

"जाऊ दे."

"परवाना जाईल. तुला नाही कळत ते."

"नाही कयत मले," ती म्हणाली. "बस गाडीत."

मी पायरीवर बसून रडले. राग आईवर होता, त्या सौम्य बाईवर होता आणि पोटातल्या जिवावरही होता. बाबांनी मला हाताला धरून उठवलं. बूट तिथंच राहिले.

खामगावला पोचेपर्यंत रक्तदाब इतका चढला होता, की डॉक्टरबाईंनी मला थेट आत घेतलं. दुपारी ऑपरेशन करून मुलगी झाली. तिला पेटीत ठेवलं, आणि आईनं काचेतून पाहून मला तिच्या बोटांचं वर्णन सांगितलं. मला उठायची परवानगी नव्हती. मुलगी वाचणार की नाही, हे कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं.

ती वाचली. लॉगिन बंद झालं, कंपनीनं मला बिनपगारी रजेवर टाकलं, ठशांची वेळ गेली. नवरा आला, मुलीला छातीवर घेऊन थोडे दिवस राहिला आणि त्याच्या कंपनीनं दिलेली मुदत संपताच परत गेला. तो गेल्यावर मी दवाखान्याचे कागद भाषांतर करून लिस्बनला पाठवले. उत्तर येईपर्यंत मी रोज मेल उघडायला घाबरत असे. शेवटी परत येण्याची परवानगी आणि ठशांसाठी नवी वेळ मिळाली. त्या वर्षी मी कराच्या हिशेबानं भारताची रहिवासी ठरले. बिनपगारी रजेआधीची तिकडची कमाईही सीएनं विवरणपत्रात दाखवली आणि तिकडे भरलेला कर वजा करून घेतला.

मुलीचा पासपोर्ट आणि व्हिसा झाल्यावर आम्ही निघालो. आई घरात होती, तिला गाडीपर्यंत यायचं नव्हतं. बाबांनी मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि दार न लावता तसेच उभे राहिले.

"आता पुढच्या खेपेले आली, तं किती दिवस राहू देतीन तुले?"

"विचारावं लागन, बाबा," मी म्हटलं.