संत्र्याचा पार

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या काकाजींच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आल्या. मधली कारणपरंपरा मी अमरावतीच्या शाळेत मुलांना शिकवीत असे: तिकडचा कापूस बंद पडला, विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. भातकुलीजवळच्या आमच्या गावात मात्र हा सगळा आपल्याच कर्तबगारीचा परिणाम आहे, असे काकाजींचे मत होते.

त्या वर्षांत दिसेल तिथे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पेरली जात होती. उरली होती ती विहिरीजवळची काकूची पाच झाडे. कागदी लिंबू रोजच्या वरणाला. ईडलिंबू लोणच्याला, त्याचा रस कागदीइतका झोंबत नाही, पण फळ मुठीत मावत नाही. महाळुंग पूजेपुरते, कारण त्यात सालच फार. आत रस शोधावा लागतो. पपनस दिसायला नगाऱ्याएवढे आणि गर जाड सालीआड दडलेला, पुष्कळशा थोर माणसांसारखा. पाचवे संत्र्याचे कलम. ते काकूने नागपूरहून येणाऱ्या गाडीतून मागवून लावले होते.

पैसा आल्यावर काकाजींची नजर या पाचव्यावर गेली. नागपूरचे संत्रे म्हणजे राजेलोकांचे फळ. त्यांनी झाडाभोवती कमरेइतका घडीव दगडांचा पार बांधला, आत काळी माती भरली आणि ताकीद दिली, की झाडाला कोणी चाकू लावायचा नाही. झाड जोमात वाढले. काटे बाभळीला लाजवतील असे. मला वाटले, राजेलोकांचे झाड, काटे असायचेच.

तीन वर्षांनी माघात त्याला पिवळी फळे लागली. काकाजींनी अकोल्याचे अडते जेवायला बोलावले. जेवणानंतर चांदीच्या ताटातून संत्री आली. साल खडबडीत होती. एकाने ती नागपुरी घाट म्हणून वाखाणलीसुद्धा. मग त्याने फोड तोंडात टाकली आणि त्याचा एक डोळा मिटला.

"काकाजी," दुसरा अडत्या म्हणाला, "हे तं जंबेरी हाय, जंगली लिंबू! आमच्या इथं याच्यानं तांब्याचे हंडे घासतेत."

पाहुणे हसत गेले. काकाजी हसले नाहीत. "मृगात इथं पराटी पेरतो," ते म्हणाले. "पाचही झाडं तोडा."

काकू दारात उभी होती. "अवो, बाकीच्या चौघांनं तुमचं काय केलं? त्यांनं कधी म्हटलं का मी संत्रा हाओ म्हून?"

"नाक कापलं माह्यं."

"मृग लागेपावतर थांबा. मंग काय तोडायचं ते तोडा."

काकाजी पागोटे झटकून निघून गेले. तो होकार आहे, असे काकूने धरले.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या माळ्याला बोलावले. त्याने झाडाकडे न पाहता पाराकडे पाहिले.

"हे कोनाचं डोकं?"

मग त्याने मला समजावले: "मास्तर, कलमाचं खालचं खोड जंबेरीचं असते. वर संत्र्याचा डोळा बसवतेत. जोडाखालून फुटलं ते जंबेरी, ते कापत राहा लागते. तुमी जोडच मातीत गाडला. वरून चाकूले बंदी! मंग जंबेरी राजा नाई होनार तं काय?"

पार उकलला. माती काढल्यावर खोडावर जोडाची गाठ दिसली. तिच्याखालून ते सगळे काटेरी वैभव निघाले होते. गाठीच्या वर, विहिरीच्या बाजूला, संत्र्याची एकच मरतुकडी फांदी. माळ्याने वैभव कापून टाकले. उरली ती काडी पाहून मला पाचही झाडांची आशा उरली नाही. काकू रोज घागरभर पाणी घालत राहिली.

चैत्रात त्या काडीवर पांढरी फुले आली. मृग लागला तेव्हा काकाजी कुऱ्हाडवाल्या गड्याला घेऊन आले. पानांआड बोरांएवढी हिरवी फळे होती. काकाजी वाकले, एक पान चुरगाळून हुंगले आणि बराच वेळ हुंगत राहिले.

"पेर तिकडून, बांधापासून," ते गड्यावर खेकसले. "इथं काहून उभा हायेस?"

मार्गशीर्षात पहिले फळ पिकले, तोवर लढाई संपून कापसाचा भाव उतरला होता आणि घंटा बैलांच्या गळ्यातून पेटीत गेल्या होत्या. पाहुणे कोणी नव्हते. काकूने फळ सोलले. साल सैल, एका दमात हाती आली. अर्ध्या फोडी तिने काकाजींच्या हातावर ठेवल्या. त्यांनी सावकाश खाल्ल्या, बिया मुठीत धरल्या.

"पाराचे दगड कुठं गेले?" त्यांनी विचारले.

"विहिरीवर. तुमचं धोतर त्याच्यावरच आपटते मी."

काकाजींनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, नागपूरची गाडी आली की अजून दोन कलमं घेजो. पराटी तिकडं थोडी कमी पेरू."

"आणि चाकू?"

"तो तुह्या काकूजवळ दे."