दाजींचा अंगठा

जुन्या मोटारीचा बंपर लखलखला की बघणारे क्रोमचं कौतुक करतात. अहो, क्रोम म्हणजे कांद्याच्या सालीएवढासुद्धा थर नाही! खालचं लोखंड घासणारा कच्चा असेल तर तोच थर चारचौघांत त्याची अब्रू काढतो.

घासण्यात दाजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. खरं तर ते क्रोमचा मुलामा चढवायच्या टाकीवर काम करणाऱ्या मेहुण्याचे दाजी. पण त्याचं ऐकून ऐकून सगळं वर्कशॉप, अगदी मालकही, त्यांना दाजीच म्हणू लागलं. एकतीस वर्षं ते बफसमोर, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकासमोर उभे होते, कोपरापर्यंत काळे.

गेल्या वर्षी डोळ्यांपुढे धुकं येऊ लागलं. दाजींनी ब्रसुद्धा काढला नाही. घरी बसवतील ही भीती. मग ते अंगठा फिरवून काम तपासू लागले. एकही भाग परत आला नाही, तसे दाजी मनातल्या मनात फुशारले. डोळे गेले उडत, अंगठा आहे ना!

मेहुणा तापानं दोन दिवस घरी राहिला, तेव्हा एक बंपर मालकानं स्वतःच टाकीत सोडला. बाहेर आला तो देवीचे वण उठल्यासारखा. झालं होतं असं, की बफवरची मेणचट पॉलिश गंजाच्या बारीक खड्ड्यांत बसली होती. अंगठ्याला सगळं सपाट लागलं. टाकीआधीच्या धुण्यात मेण निघालं, खड्डे उघडे पडले, आणि मालकानं काही नीट पाहिलं नाही.

मेहुणा कामावर आला तसा मालक त्याच्यावर घसरला. “टाकी घाण ठेवून घरी बसलास! उद्यापासून टाकीला हात लावायचा नाही.”

दाजी गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण त्यांनी बफ बंद केला.

“त्याला बोलू नका. चूक माझी आहे. वर्ष झालं, मला नीट दिसत नाही.”

“ठाऊक आहे,” मेहुणा म्हणाला. “वर्षभर तुमचं काम टाकीत सोडायच्या आधी मीच परत घासतोय.”

दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सगळं?”

मेहुण्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“नाही, दाजी. दोन भाग चांगले होते.”