देवानं राखलं

‘देवानं राखलं’ असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना वाटतं, म्हातारा चिडका झाला. खरं कारण मी बायकोला सांगितलेलं नाही, पाळकांना सांगितलं नाही, आणि देवाला — त्याला माहीतच आहे, या सबबीवर त्यालाही कधी तोंड उघडून सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो आहे. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे.

मी पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मधे पात्रात रोवलेला पळस आणि त्यावर झेंडा. तो झेंडा कोण नेतो, यासाठी दिवसभर दोन्हीकडून दगड. जवानीत माझा नेम नावाजलेला होता. लोक सरकून मला जागा देत, वेचक गोटे आणून पायाशी टाकत. त्याची नशा दारूपेक्षा वाईट — आणि दारूही मी भरपूर प्यायलो आहे, तेव्हा हे ऐकीव नाही. पुढे बाप्तिस्मा घेतला, सौंसरला मास्तर म्हणून लागलो, लग्न केलं. बायको सावरगावची. दारू सुटली. गोटमारही सुटली, असं मी सांगत फिरत होतो.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. पोळ्याआधीच्या रविवारी उपासना झाल्यावर पाळकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “मास्तर, देव राखते. पन पाय तुमचेच हायेत ना? नदीवर जाऊच नका.” मी मान हलवली. आणि पोळा झाल्यावर सकाळी उठून पांढुर्ण्याच्या बसमध्ये जाऊन बसलो. बायकोला सांगितलं, आईला बरं नाही. आई ठणठणीत होती.

का गेलो? जुने दोस्त बाजारात भेटले की चिडवायचे, “येशूनं हात बांधून ठेवले का बे तुये?” — हे एक. पण तेवढ्यानं कोणी जातं का? मला जायचंच होतं. आणि इथे माझा मलाच संताप येतो — बसमध्ये मी सारी वाट प्रार्थना करत होतो. प्रभू, मी नुसता पाहीन, माझा हात तेवढा तू धर. काय ही प्रार्थना? खोटं मी बोलायचं, तिकीट मी काढायचं, नदीपर्यंत पाय मी ओढायचे, आणि हात त्यानं धरायचा. जणू देव माझ्या घरचा गडी.

काठावर उभा राहिलो. ढोल, धूळ, आरडाओरडा. कोणीतरी ओळखलं आणि पायाशी गोटे येऊन पडले. मी एक उचलला. नुसता तोलून पाहावा म्हणून — असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात पलीकडे वसंत दिसला. वसंत माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ. ट्रक चालवायचा, आणि रविवारी आमच्याच मंडळीत यायचा. गोटमारीच्या तो वाऱ्यालाही उभा राहत नसे. पोळ्याला आमच्याकडे सौंसरलाच मुक्कामाला होता. आणि आता हा इथे, पार पाण्याशी, रिकाम्या हातानं, कपाळावर पंजा धरून आमच्या काठावरचा एकेक चेहरा पाहतो आहे. मला लगेच उमगलं. बायकोला आईच्या आजाराचं पटलं नव्हतं. तिनं भावाला माझ्या मागे धाडलं होतं. सावरगावच्या माणसाला त्या दिवशी आमच्या काठावर कोण येऊ देणार? म्हणून तो समोरून शोधत होता.

त्याची नजर सरकत सरकत माझ्याकडे येत होती. आणखी थोडी, की मी सापडणार. हा कोण मला पकडणारा? कालचं पोरगं. माझ्या घरी जेवतं आणि माझ्यावर पाळत ठेवतं? — असला राग आला मला. लाज वाटायला हवी होती तिथे राग आला.

तुम्हाला वाटेल, हात सटकला. नाही सटकला. मी गोटा मारला आणि नेम धरून मारला. डोळ्यावर धरला नव्हता, असं मी कितीतरी वर्षं मनाशी घोकलं. तोंडावर धरला होता. मग डोळा कुठे असतो?

तो खाली बसलेला पाहिला आणि मी मागे वळून आईकडे गेलो. आईनं वाढलं ते जेवलोही. गोटमारीत गोटा कोणाचा लागला हे कोणी विचारत नाही, तशी रीतच आहे. त्या रीतीच्या आड मी आजवर बसलो आहे. वसंतचा उजवा डोळा गेला. ट्रक सुटला. पुढे जन्मभर त्यानं सौंसरच्या बाजारात पोती उचलली.

पुढच्या रविवारी तो पट्टी बांधून उपासनेला आला. साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची वेळ झाली, सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उठलो आणि म्हणालो, मोह फार झाला होता, पण मी आईपाशी बसून राहिलो, देवानं मला राखलं. मंडळी आमेन म्हणाली. वसंतही म्हणाला. बाहेर पडताना त्यानं माझा हात हातात घेतला. हाच हात. म्हणाला, “भाऊजी, तुमी नव्हते तिथं. मी सारा काठ पाहून राहिलो होतो. तेवढंच पाहाचं होतं मले.” एक डोळा गेलेला माणूस खूश होता.

देवानं कसर ठेवली नव्हती हो. पाळकांकडून बजावलं, बायकोच्या मनात संशय घातला, आणि शेवटी वसंतला नदीपर्यंत चालवत आणलं. याहून जास्त राखणं म्हणजे काय असतं? ज्याला माझ्यासाठी पाठवलं, त्यालाच मी दगड घातला. आता कोणाच्या नावानं बोटं मोडू? सैतानाच्या? सैतानाचा नेम इतका चांगला नाही.

वसंत अजून आहे. रविवारी आम्ही दोघं एकाच बाकावर बसतो. मी नेहमी त्याच्या उजव्या हाताला. लोक म्हणतात, त्या बाजूनं त्याला दिसत नाही म्हणून मास्तर आधाराला बसतात. त्या बाजूनं त्याला माझं तोंड दिसत नाही, म्हणून मी तिथे बसतो.