माझ्या नावावरची खोली

लालबागला राहतो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, स्वतःचं का? मी हो म्हणतो आणि विषय बदलतो. आता कागदावर ते घर माझंच आहे. कागद दाखवा म्हटलं तर तेही दाखवीन.

मूळची ती खोली आमच्या गावकीची. रत्नागिरीकडच्या आमच्या वाडीतले पुरुष गिरण्यांत लागले तेव्हा सगळ्यांनी मिळून चाळीत एक खोली धरली. दहा बाय बारा. तीत वीस-बावीस माणसं, प्रत्येकाची एक पेटी आणि एक पथारी. गिरणीच्या तीन पाळ्या असल्यामुळे सगळे एकदम कधीच घरात नसायचे, म्हणून भागायचं. जेवायला शेजारच्या चाळीतल्या खानावळवालीकडे. मालकाला भाडेपावतीवर एकच नाव लागायचं, ते माझ्या वडिलांचं घातलं. का, तर त्यांना सही करता येत होती. यापलीकडे त्यात काही मोठेपणा नव्हता. गावातून जो येईल त्याला जागा द्यायची, एवढा एकच नियम, आणि तोही कुणी कुठे लिहून ठेवलेला नव्हता.

मी कॉलेजसाठी त्या खोलीत आलो आणि वर्षाच्या आत गिरण्यांचा संप झाला. वडील भातलावणीला म्हणून गावी गेले. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. मिटला नाही. रविवारी गावकीची बैठक बसली तेव्हा कुणीतरी विषय काढला, की ज्यांच्याकडे द्यायला काही नाही त्यांनी पथारी सोडावी, बाहेरची चार माणसं घेऊन भाडं भागवू. मी खाली मान घालून बसलो होतो, कारण काही न देणाऱ्यांत पहिला नंबर माझाच होता. तेव्हा विणाईखात्यात साच्यावर काम करणारे एक काका बोलले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, एरवी बैठकीत तोंड न उघडणारे. संप मिटेपर्यंत कुणाची पथारी उचलायची नाही, आणि शिकणाऱ्याची तर नाहीच, असं त्यांनी सांगितलं आणि बैठक तिथेच उठली. स्वतः ते शिवडीच्या गोदामात पाठीवर पोती वाहायला जाऊ लागले. विणकराचे हात ते, महिनाभरात त्यांच्या खांद्याची सालं निघाली.

त्या पथारीवर मी बी.कॉम. झालो. विमा कंपनीत चिकटलो. वडील गेल्यावर पावती माझ्या नावावर करायला गावकीची पाच माणसं माझ्यासोबत मालकाकडे आली होती. पुढे लग्न झालं, डोंबिवलीला भाड्याची जागा घेतली, पण पावतीवरचं नाव कुणी बदललं नाही. मलाही ते कधी सुचलं नाही, हे मी तेव्हाच्या माझ्या बाजूने सांगून ठेवतो. त्यापुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं फारसं नाही.

गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले तसा आमच्या चाळीलाही बिल्डर आला. पटांगणात ताडपत्री बांधून सभा झाली. बिल्डरच्या माणसाने रंगीत नकाशा टांगला, त्यात कारंजं होतं आणि झाडाखाली बसलेली गोरी बाई होती. वाद मात्र खरा झाला. बायका म्हणाल्या, नकाशा राहू दे बाजूला, संडास घरात मिळणार असेल तर आम्ही आत्ता सही करतो. चाळीस वर्षं डबा घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या बाईपुढे कुणाचा काय मुद्दा टिकणार? पापड लाटणाऱ्या एका आजींनी विचारलं, की पापड वाळत कुठे घालू, लिफ्टमध्ये? मागच्या बाकावरून प्रश्न आला की मेंटेनन्स कोण भरणार, आज आहेत ती मुलं उद्या इथे राहू शकतील का, की घर मिळायचं आणि विकून विरारला जायचं? बिल्डरच्या माणसाने पुन्हा नकाशातलं कारंजं दाखवलं. त्या प्रश्नाचं उत्तर आजही कुणाकडे असेल असं वाटत नाही.

शिकलेला म्हणून मला उभं केलं. मी चांगलं बोललो. छपराला लावलेले टेकू दाखवले, एक दिवस सगळेच खाली जाऊ म्हणालो. करारनामा मराठीतून वाचून समजावला. तेव्हा काकांनी शांतपणे विचारलं, "प्रत्येक खोलीमागं नाव एक. मग आमी बाकीचे कोन?"

मी म्हणालो, "नाव माझं, घर गावकीचं. मी बसलोय ना."

गावकीचं मंडळ म्हणून नोंदणी करून मंडळाचं नाव घालता आलं असतं. मी बिल्डरच्या माणसाला तसं विचारलंही होतं. तो म्हणाला, कागद करा, पण वेळ जाईल. काका म्हणाले, राहू दे तुझंच, नाव कुणाचं तरी लागतंच. अशी चूक आमच्या गावचीच माणसं करू शकतात. गिरणीने फसवलं, पुढाऱ्यांनी फसवलं, तरी आपल्यातला आपल्याला कसा फसवेल, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. आणि मी त्यांना फसवायला निघालो होतो असंही नाही. तसं असतं तर निदान स्वतःला एक नाव देता आलं असतं.

तीन वर्षांत होणारी इमारत सात वर्षांनी झाली. तोवर माणसं पांगली, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी दिव्याला, बरीचशी गावी, त्यांत काकाही. चौदाव्या मजल्यावर सव्वादोनशे फुटांची जागा मिळाली. माझी मुलगी तेव्हा माटुंग्याच्या कॉलेजात होती, डोंबिवलीहून तिचे हाल होत होते. गावकीला विचारून आम्ही राहायला आलो, दोन वर्षांपुरते. पोरीचं शिक्षण होऊ दे, असं काकांनीच सांगितलं. या शहरात मला दुसरं घर घेणं सात जन्मांत शक्य नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. आयत्या बिळावर नागोबा, असं मीच हसत हसत म्हणायचो. आपण आधी बोललं की लोक बोलत नाहीत.

दोन वर्षं संपत आली तेव्हा गावातून दोन मुलं कामाला येणार असल्याचा फोन आला. त्याच महिन्यात सोसायटीची सभा होती. मी सेक्रेटरी. एका सभासदाने विषय मांडला की एकट्या पुरुषांना घरात ठेवू नये, मुलीबाळी आहेत, लिफ्टवर ताण येतो. बोलणारा आमच्याच चाळीतला, त्याचा बाप तसाच एकटा येऊन अशाच एका खोलीत राहिलेला. मी उठून एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. माझी बायको समोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी ठरावाच्या बाजूने हात वर केला, आणि मग वहीत लिहिलं: सर्वानुमते मंजूर.

गावी फोन करून सांगितलं की सोसायटी परवानगी देत नाही. काका पलीकडून म्हणाले, बरं. मला वाटलं, सुटलो. त्या सुटल्याची मला आज जितकी लाज वाटते तितकी त्या ठरावाचीही वाटत नाही.

गेल्या वर्षी सकाळी परळला औषधं आणायला गेलो होतो. मोठ्या इस्पितळासमोरच्या फुटपाथवर बाहेरगावच्या पेशंटांची माणसं प्लास्टिक बांधून राहतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आपण बघत नाही इतकंच. तिथे काका स्टोव्हवर पेज ढवळत बसले होते. काकी आत दाखल होत्या, महिना झाला होता. माझं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर.

मी अक्षरशः त्यांच्या पायाशी बसलो. एक फोन का नाही केला, म्हटलं. ते म्हणाले, सोसायटी परवानगी देत न्हाय ना. टोमणा नव्हता त्यात, ते खरंच मला अडचणीत घालायला नको म्हणून आले नव्हते. मग मी सांगितलं. तो ठराव मी लिहिला, हात मी वर केला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेज उतू जाईल म्हणून स्टोव्ह बारीक केला. मी त्यांची पिशवी उचलली आणि म्हणालो, "चला काका. घर तुमचंच आहे."

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

"असं पुना बोलू नको रे," ते म्हणाले. "मागच्या खेपेला आमी खरं मानलं व्हतं."

मग त्यांनी स्टोव्ह विझवला, पेज डब्यात ओतली आणि पिशवी घेऊन काकींना द्यायला आत गेले. मी अर्धा तास तिथे उभा होतो. ते दुसऱ्या दाराने बाहेर पडले असावेत.