काकूंनी न दाबलेलं ‘यस’
आज दुरून दुरुस्ती करताना एका गिऱ्हाइकाची स्क्रीन माझ्याकडे काळी पडली आणि रामघाटाजवळच्या काकू आठवल्या. त्यांच्या मरायला टेकलेल्या कॉम्प्युटरात दिवंगत काकांचा रेकॉर्ड केलेला आवाज अडकला होता. देवाची सवारी मिरवत निघाल्यामुळे रस्ते बंद, म्हणून माधव नगरातल्या दुकानात बसून मी तो इंटरनेटवरून दुरूनच काढत होतो. त्यांच्या स्क्रीनवर परवानगी विचारणारी चौकट आली की माझ्याकडे नुसता अंधार; ‘यस’ तिथल्याच माणसाने दाबायचं. “काकू, दाबून द्या ना, नाहीतर काकांचा आवाज जाईल!” फोनमधून झांजा ऐकू येत होत्या. “नाही बेटा. फोनवर कोणी सांगितलं तर काही दाबायचं नाही, एवढं एकच आमचे हे बजावून गेलेत.” सवारी सरल्यावर पोचलो, तोवर डिस्क कायमची बंद पडली होती. “पण मी नाही दाबलं हं,” काकू समाधानाने म्हणाल्या.