मोहफुलांचं पोतं

वाळत्या मोहफुलांचा उग्र-गोड वास आला की मॅट्रिक झाले ते वर्ष आठवतं. ब्रह्मपुरीच्या आमच्या दुकानात वडील म्हणत होते, "इले डॉक्टर करतो." गादीवर बसलेले मामा वकील होते, ते म्हणत होते, "वकीलच कर." मला दुकान हवं होतं, पण विचारतो कोण? तेवढ्यात नेहमीचा फिरता व्यापारी मोहफुलांचं पोतं घेऊन आला. मी तळापर्यंत हात घालून मूठ दाबली, तर फुलं चिकटली. "काका, खालचा माल ओला आहे. वाळवून आना, पूरा भाव भेटन." तो ओशाळून हसला आणि वडिलांना म्हणाला, "भाऊ, तुमाले इतक्या वर्षांत समजलं नाई, पोरीनं एका मुठीत धरलं मले!" वडील मामांना म्हणाले, "वकीलसाहेब, गादीवरून सरका, तिले बसू द्या." त्याला वीस वर्षं झाली; मी अजून उठलेले नाही.