यंत्र बंद पडायचं ती जागा

महाडला मी दवाखाना घातला तेव्हा निम्मे रोगी सावित्री नदीच्या काठचे. दासगावच्या पुढं रस्ता नावापुरताच होता, म्हणून मी एक लहान शिडाची होडी घेतली आणि ती चालवायला एक तांडेल ठेवला. खाडीतच जन्म काढलेला, साठीचा, मुसलमान माणूस. वारा आणि भरती-ओहोटी त्याला घड्याळासारखी कळायची. पण ओहोटी उलटी असली आणि वारा पडला की त्याचंही काही चालत नसे. दोनदा मी पोचलो तेव्हा घरात रडारड सुरू झालेली होती. त्यानंतर मी होडीला यंत्र लावायचं ठरवलं.

मुंबईच्या दुकानात दोन यंत्रं दाखवली. मोठं फार ताकदवान, असं विक्रेता पुन्हा पुन्हा सांगत होता. जितक्या वेळा सांगे तितका मला त्याचा भरवसा कमी वाटे. मी लहान घेतलं. त्यात माझं एक बरोबर ठरलं. आमची होडी मागच्या टोकालाही निमुळती, तिला मोठ्याचं वजन पेललं नसतं. बाणकोटपर्यंत ते आगबोटीनं आलं. सुतारानं होडीच्या कडेला सागाची फळी ठोकली आणि त्यावर ते अडकवलं. वरच्या चाकाला दोरी गुंडाळून हिसका द्यायचा, की पाण्यातला पंखा फिरायचा.

तांडेल ते सगळं लांबून बघत होता. "डाक्तरसाहेब, मग शीड काढून ठेवायचं काय?"

"शीड राहू दे. तुम्हीही राहा," मी म्हणालो.

तो हसला नाही. ते मी मनात धरलं.

पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घडू लागली. महाडच्या बंदरातून निघालं की यंत्र झकास चालायचं, आणि दासगावच्या अलीकडं, नदी वळते तिथं, थोडं पुढंमागं, गुरगुरून बंद पडायचं. त्याच वळणावर तांडेलाची वाडी होती. मी टाकीचं झाकण काढून बघे, तर पेट्रोल भरपूर. झाकण लावून पाच-सहा हिसके दिले की पुन्हा सुरू. पुढं काही वेळानं परत तेच. एकदा झालं, दोनदा झालं; पाचव्यांदा मी तांडेलाच्या चेहऱ्याकडं बघितलं. तो वाडीकडं बघत बसला होता.

पेट्रोलचा डबा त्याच्याच ताब्यात असे. यंत्र नीट चाललं तर शिडाच्या माणसाला कोण विचारणार? मी डबा घरी नेऊ लागलो. तरी यंत्र बंद पडे. मग वाटलं, हा टाकीतच पाणी घालतो. त्याच्या पिण्याच्या पाण्याच्या मडक्यावरही मी नजर ठेवू लागलो. बायको म्हणाली, "अहो, तो माणूस तुम्हाला रोज पाण्यावरून नेतो, आणि तुम्ही त्याच्यावर पहारा करता?" मला वाटलं, हिला काय कळतं!

पुढं आंबेतकडून बोलावणं आलं. बाई दोन दिवस अडली होती. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली. वळणावर यंत्र थांबलं. मी झाकणाला हातही लावला नाही, कारण पेट्रोलात पाणी आहे याची माझी खात्री झाली होती. हिसक्यांवर हिसके दिले, तळहात सोलले, आणि मी ओरडलो, "तांडेल, काय घातलंत यात? बाई मेली तर तुमच्या माथी बसेल!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. उठून शीड चढवलं, वारा तिरका होता तो पकडला, आणि काठाकाठानं, गाळाला न लागता, दिवस मावळायच्या आत आंबेतला होडी लावली.

मूल गेलेलंच होतं. बाई वाचली. बाहेर आलो तेव्हा तांडेल म्हणाला, "सकाळी भरतीवर महाडला सोडतो. मग मी नाय येनार."

मी त्याला थांबवलं नाही. उलट पुरावा हवा म्हणून यंत्र आणि पेट्रोलचा डबा बैलगाडीत घालून पोलादपूरला नेला. आंबेनळी घाटात लॉरी चालवणारा एक ड्रायव्हर माझा रोगी होता. त्यानं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून उन्हात धरलं. "पाणी नाय. पाणी असतं तर खाली बसलं असतं." मग त्यानं टाकीच्या झाकणावरचा बारीक स्क्रू बोटानं चाचपला. "हा एवढा पिळला कोनी? टाकीत हवा जायला नको? हवा नाय तर पेट्रोल खाली कसं उतरंल?"

पिळला होता मी. पेट्रोल उडून जाऊ नये, कोणी काढू नये, म्हणून दर खेपेला पकडीनं. झाकण काढलं की हवा शिरायची आणि यंत्र पुन्हा तेवढ्यापुरतं चालायचं. महाडहून वळणापर्यंत यायला लागे तेवढाच वेळ बंद टाकीतून पेट्रोल उतरत असे.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेलो. तांडेल जाळं विणत होता. मी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. त्यानं विणणं थांबवलं नाही.

"बाई बरी हाय?" त्यानं विचारलं.

"बरी आहे."

"मग झालं तर."

"परत याल का?"

त्यानं जाळ्याची एक गाठ आवळली. "येईन. पन तुमच्या त्या डब्याला, टाकीला मी हात लावनार नाय. आनि तुमी माझ्याकडं तसं बघायचं नाय."

तो आला. पुढं सात वर्षं आम्ही खाडी तुडवली. स्क्रू सैल केल्यावर यंत्र नीट चाललं, गाळात पंखा अडकला तेवढं सोडून. दुसरी अट मात्र मला पुरती पाळता आली नाही. कधी होडी उगाच डगमगली की माझी नजर आपोआप त्याच्या हाताकडं जाई. त्याला ते कळे. तेव्हा तो दोन्ही हात वर करून मला दाखवी, आणि मी मान खाली घालून पाण्याकडं बघत बसे.